नव्या फिशटँकचं पाणी सारखं दुधाळ होतं, मासे मरतात: सामानातली गफलत कशी शोधायची

तक्रार जवळपास एकाच साच्याची असते. दोन फुटी टाकी, झाकण, लाइट, एअर पंप, छोटा फिल्टर, रंगीत खडे आणि आठ-दहा मासे असा 'पूर्ण सेट' घरी येतो. पहिले दोन दिवस पाणी स्वच्छ दिसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यावर पांढुरकी झाक येते, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि आठवडा-दहा दिवसांत एकेक जायला लागतो. मग टाकी रिकामी करून खडे नळाखाली चोळले जातात, स्पंज खळाखळा पिळला जातो, नवं पाणी, नवे मासे. चार दिवसांनी पुन्हा तेच. दुकानातून निळं औषध आणून ओतलं की प्रकरण आणखी बिघडतं, कारण मिथिलिन ब्लू ज्या उपयोगी जिवाणूंची वाट पाहायची त्यांनाच मारतं.

यात माशांचा दोष क्वचितच असतो. सेटमध्ये ज्या वस्तू नसतात आणि ज्या असून चुकीच्या पद्धतीने वापरल्या जातात, तिथे गोम असते. शिवाय प्रत्येक 'संपूर्ण धुलाई' टाकीला पहिल्या दिवसावर नेऊन ठेवते.

आधी गढूळपणा ओळखा

काचेच्या पेल्यात टाकीतलं पाणी घ्या, मागे पांढरा कागद धरा. रंग आणि तो कधी आला हे दोन्ही जुळवून बघा.

पाणी भरल्यावर तासाभरातच धूसर दिसत असेल तर ती खड्यांची धूळ. फिल्टर एक-दोन दिवसांत ती ओढून घेतो. नळाच्या पाण्यातले बारीक हवेचे बुडबुडे तर काही मिनिटांतच जातात. बोअरचं पाणी उपसल्यावर स्वच्छ असतं आणि हवा लागल्यावर पांढुरकं होतं, काचेवर खरखरीत थर धरतं. तो क्षार आहे, रोग नव्हे. चहासारखा पिवळट-तपकिरी रंग नव्या लाकडातून उतरतो आणि निरुपद्रवी असतो. हिरवं पाणी म्हणजे तरंगतं शेवाळ: लाइट दिवसाला सहा-आठ तासांवर आणा, टाकीवर थेट ऊन येत असेल तर ते अडवा.

दोन ते पाच दिवसांनी आलेलं, कागदापुढे दुधाळ दिसणारं आणि गाळूनही न निवळणारं पाणी हा मात्र जिवाणूंचा उद्रेक. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

दुधाळपणा येतो कुठून

उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा कुजवणारे जिवाणू तासा-दोन तासांत दुप्पट होऊ शकतात. पाण्यात दिसणारा पांढुरकेपणा त्यांचाच. ते ऑक्सिजन भराभर वापरतात, म्हणून मासे वर येतात. कुजण्यातून आणि माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. त्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू मात्र फार संथ. त्यांना दुप्पट व्हायला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. दुधाळपणा आठवड्याभरात आपोआप जातो, अमोनियाची अडचण त्यानंतरही उरते. 'पाणी निवळलं, आता मासे आणू' हा हिशेब इथे फसतो.

हे संथ जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजवर, सिरॅमिक रिंगवर, खड्यांवर चिकटून राहतात. म्हणून पाणी बदलल्याने वस्तीचं जवळजवळ काही बिघडत नाही. स्पंज आणि खडे नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात धुतले की ती साफ होते. बहुतेक घरांत नेमकं उलट चालतं: पाणी बदलायची भीती आणि स्पंज धुवायची हौस.

फिल्टर: इथेच सर्वाधिक चूक

प्रथम टाकीत पाणी किती ते मोजा. २४ × १२ × १२ इंच म्हणजे कागदावर सुमारे ५६ लिटर. तळाला दोन इंच खडे आणि वर दीड इंच मोकळी जागा सोडली की हाती ४४-४५ लिटर उरतं. औषधाचा, मिठाचा, क्लोरीन काढण्याचा डोस याच आकड्यावर काढायचा.

फिल्टरने तासाला टाकीच्या पाण्याच्या चार ते सहा पट पाणी फिरवावं, म्हणजे इथे १८० ते २७० लिटर. खोक्यावरचा आकडा मोटार नवी आणि आत काहीही न भरलेली असतानाचा असतो. स्पंज भरला, थोडी घाण बसली की तो बराच खाली येतो. म्हणून खोक्यावर तासाला ४०० ते ५०० लिटर लिहिलेला घ्यावा. काचेला अडकवायचा हँग-ऑन फिल्टर असेल तर प्रवाह घरी मोजता येतो: धारेखाली एक लिटरची बाटली धरा आणि भरायला लागणारे सेकंद मोजा. ३६०० ला त्या सेकंदांनी भागा. १५ सेकंद लागले तर तासाला २४० लिटर, म्हणजे ठीक. ३० सेकंद लागले तर १२०, म्हणजे अपुरं.

प्रवाहाइतकाच आत भरलेला मीडिया, म्हणजे स्पंज, रिंग वगैरे, महत्त्वाचा. सेटमधल्या स्वस्त इंटर्नल फिल्टरमध्ये काडेपेटीएवढा स्पंजचा तुकडा असतो. पाणी जोरात फिरतं, कचरा ओढला जातो, पण जिवाणूंना बसायला जागाच नसते. असा फिल्टर चालू असूनही दोन फुटी टाकीत ही वस्ती महिनोन्‌महिने बसत नाही. हँग-ऑन फिल्टरमधलं कार्ट्रिजही दर महिन्याला फेकून नवं घालायचं म्हणून विकलं जातं. कार्ट्रिजबरोबर वस्तीही कचऱ्यात जाते. ते काढून पाणी ज्या बाजूने आत येतं तिथे जाडसर स्पंज, मग बारीक स्पंज किंवा फिल्टर वूल आणि शेवटी सिरॅमिक रिंग अशी भरणी करा. कार्बनची या समस्येत गरज नाही; औषध दिल्यावर ते पाण्यातून काढायला तो उपयोगी, एरवी जागा अडवतो.

पैसे कमी असतील तर दुहेरी स्पंज फिल्टर आणि बरा एअर पंप ही जोडी सेटमधल्या इंटर्नल फिल्टरपेक्षा सरस ठरते. दिसायला ओबडधोबड, पण स्पंज मोठा, पिल्लं ओढली जात नाहीत, हवाही मिळते. दोन फुटी टाकीला मिनिटाला तीन-चार लिटर हवा देणारा पंप पुरतो.

खड्यांखालची जाळी, म्हणजे अंडरग्रॅव्हल फिल्टर, अजूनही खूप विकला जातो. तो चालतो, पण खडे तीन ते पाच मिलिमीटरचे आणि थर अडीच-तीन इंचांचा हवा. वर मोठे रंगीत गोटे पातळ पसरले की पाणी फटींतून थेट निघून जातं आणि जाळीखाली गाळ कुजत राहतो. ही जाळी आधीच बसवलेली असेल तर खडे उपसू नका. सायफनने, म्हणजे बादलीत उतरणाऱ्या नळीने गाळ ओढून, दर आठवड्याला निम्मा भाग साफ करा आणि सोबत स्पंज फिल्टर जोडा.

फिल्टर रात्री बंद करू नये. आवाज येतो म्हणून झोपताना बटण दाबणं ही इतकी सर्वत्र आढळणारी सवय आहे की दुधाळ पाण्याची तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारावा. प्रवाह थांबला की मीडियातला ऑक्सिजन काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात आणि सकाळी तो सडका गाळ टाकीत फेकला जातो. आवाजाचा बंदोबस्त वेगळा करा: एअर पंप फोमच्या तुकड्यावर ठेवा, भिंतीला टेकू देऊ नका. हँग-ऑन फिल्टर खडखडत असेल तर पाण्याची पातळी वाढवा किंवा इंपेलर (मोटारीतलं पाणी ढकलणारं पातं) काढून त्याच्या खोबणीतली शेवाळी, केस, वाळूचे कण जुन्या टूथब्रशने काढा. प्रवाह हळूहळू निम्म्यावर येण्याचं कारणही बहुधा हाच इंपेलर.

स्पंज धुण्याची रीत एकच. टाकीतून सायफनने काढलेलं पाणी बादलीत घ्या, त्यात स्पंज दोन-तीनदा दाबा, परत बसवा. तपकिरी राहिला तरी चालेल. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच, दुसरा दोन आठवड्यांनी. सिरॅमिक रिंग प्रवाह मंदावल्याशिवाय हलवूच नका.

वीज गेल्यावर

लोडशेडिंगच्या भागात टाकी रविवारी ठीक आणि बुधवारी दुधाळ, असं आलटून-पालटून होत असेल तर गुन्हेगार हाच. एअर पंपाच्या नळीत चेक व्हॉल्व्ह हवा. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल आणि हा व्हॉल्व्ह नसेल, तर वीज जाताच नळीतून पाणी उलट उतरून पंप जळतो, कधी फरशीवर अर्धी टाकी रिकामी होते. व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून तपासा: हवा पंपाकडून टाकीकडे जावी, उलट अडावी. उलटा बसवला तर बुडबुडे येणारच नाहीत.

काही हँग-ऑन फिल्टर वीज परतल्यावर आपणहून पाणी ओढत नाहीत. मोटार कोरडी फिरते आणि तापते. बाहेर जाताना पेटी पाण्याने भरलेली आहे का पाहा. चार्जिंगचा किंवा बॅटरीवरचा छोटा एअर पंप घरात ठेवणं शहाणपणाचं. स्पंज फिल्टर त्यावर तसाच चालतो. इन्व्हर्टर असेल तर एअर पंपाचं सॉकेट त्यावर घ्या, दोन-पाच वॅटचा भार त्याला जाणवतही नाही. चार-सहा तासांहून अधिक वेळ बंद राहिलेला कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) तसाच चालू करू नका. उघडा, आतलं वास मारणारं पाणी ओता, मीडिया टाकीच्या पाण्यात हलवून घ्या, मग चालू करा.

सगळ्या वायरींना सॉकेटच्या पातळीखाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता झोळावरून खाली ठिबकेल. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीखाली जमिनीवर नको. पाण्यात हात घालण्याआधी हीटर आणि मोटारीचा प्लग काढायचा, यात तडजोड नाही.

पाणी आणि त्यासाठी लागणारं सामान

भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा लागतो. पावसाळ्यात पालिका मात्रा वाढवतात. क्लोरीन कल्ले भाजतो आणि स्पंजवरची वस्तीही मारतो. माशांसाठी वेगळी, साबण कधीही न लागलेली १५ लिटरची बादली ठेवा. पाणी एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून २४ तास ठेवलं तर क्लोरीन उडून जातो.

तेवढा वेळ नसेल तर अँटीक्लोरीनची बाटली. ती बहुधा सोडियम थायोसल्फेट असते, फोटोग्राफीतला जुना हायपो. स्फटिक मिळत असतील तर १० ग्रॅम पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर द्रावण करा. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या १५ लिटरच्या बादलीला याचं साधारण एक मिलिलिटर पुरतं. पावसाळ्यात दोन घाला, थोड्या जास्तीने नुकसान होत नाही. नळाच्या पाण्यात नेहमी असंच करा, फक्त नव्या टाकीत नव्हे.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण दख्खनच्या काळ्या दगडातलं पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचं, आणि आठच्या आसपास पीएचचं (सातच्या वर म्हणजे अल्कधर्मी) असतं. इथे एक बारकावा आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि विषारी रूपाचं प्रमाण पीएचबरोबर वाढतं: २५ अंशांना पीएच ७ वर ते एकूण अमोनियाच्या अर्धा-पाऊण टक्का, पीएच ८ वर पाच टक्क्यांच्या वर. म्हणून धरणाच्या मऊ पाण्यावर शेजाऱ्याच्या टाकीतले मासे ज्या अमोनियात तग धरतात, त्यातच टँकर किंवा बोअरच्या पाण्यावरचे मरतात. गप्पी, मॉली, प्लॅटी हे जड पाण्यातले मासे निवडले तर निदान पाण्याशी झुंज राहत नाही.

पाणी बदलायला पाच-सहा फूट पारदर्शक नळी आणि बादली पुरते. गाळ उचलणारं रुंद तोंड मिळालं तर उत्तम. तोंडाने ओढू नका, नळी पाण्यात बुडवून भरा, टोक अंगठ्याने दाबून खाली आणा.

टेस्ट किट

सेटमध्ये हेच नसतं, आणि रंगीत पुतळ्यांना जेवढे पैसे जातात तेवढ्यात बऱ्यापैकी किट येतं. थेंबांचं घ्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच. कागदी पट्ट्यांत अमोनिया बहुधा नसतो, म्हणजे नेमकं हवं ते नसतं. किट नसेल तर पुढचं सगळं अंदाजावर चालेल.

टाकी रिकामी न करता दुरुस्ती

मासे आतच असताना हा क्रम पाळा.

१. एअर स्टोन पूर्ण जोरात. उन्हाळ्यात याला दुप्पट महत्त्व: २५ अंशांना पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना जेमतेम ७.३. झाकण उघडून छोटा पंखा पृष्ठभागावर मारला तर तापमान दोन-तीन अंश उतरतं.

२. दोन दिवस खाद्य बंद. निरोगी मोठे मासे आरामात राहतात. मग दिवसातून एकदा, एक-दोन मिनिटांत संपेल तेवढंच.

३. रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोहोंपैकी एखादं लिटरला ०.५ मिलिग्रॅमवर गेलं तर ३० टक्के पाणी बदला, १ किंवा त्याहून वर गेलं तर निम्मं. नवं पाणी क्लोरीनमुक्त आणि तापमानात दोन अंशांहून जास्त फरक नसलेलं. ४५ लिटरच्या टाकीत ३० टक्के म्हणजे १३-१४ लिटर, एक बादली.

४. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरून नायट्राइट चढतं. नायट्राइट रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घालवतं. बुडबुडे भरपूर असूनही मासे धापा टाकतात आणि कल्ले तपकिरी दिसतात. दर १० लिटरला एक ग्रॅम साधं मीठ घाला, म्हणजे ४५ लिटरला सपाट चहाचा चमचा. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत जायला अडवतं. पाणी बदलल्यावर तेवढ्याच भागापुरतं मीठ पुन्हा घाला.

५. कुणाकडे चार-सहा महिने जुनी, रोग नसलेली टाकी असेल तर तिच्या स्पंजचा एक तुकडा ओलाच आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये कोंबा. बाटलीतल्या कुठल्याही जिवाणूंपेक्षा याचा भरवसा जास्त. चार-सहा आठवड्यांचं काम कधी दहा दिवसांत होतं. प्रवासात स्पंज वाळू देऊ नका आणि नळाखाली धरू नका.

६. अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की मगच नवे मासे, तेही दोन-तीन. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली राहील असं आठवड्याला २५-३० टक्के पाणी बदलत राहा.

पाणी 'चकाचक' करणारं द्रावण कण एकत्र करून खाली बसवतं, यूव्ही लाइट तरंगणारे जिवाणू मारतो. दोन्हींनी टाकी सुरेख दिसते आणि अमोनिया जिथल्या तिथे राहतो.

हिवाळा असेल तर

पुणे-नाशिककडे जानेवारीच्या रात्री खोलीतलं पाणीही १८-२० अंशांपर्यंत उतरतं. अशा थंडीत नायट्रेट बनवणारी वस्ती रेंगाळते, म्हणून डिसेंबरात सुरू केलेली टाकी सहा आठवड्यांतही बसत नाही. लिटरला साधारण एक वॅट या हिशेबाने ५० वॅटचा हीटर, २५-२६ अंशांवर, फिल्टरच्या प्रवाहात. थर्मामीटर विरुद्ध कोपऱ्यात लावा. स्वस्त हीटरचा थर्मोस्टॅट चालू स्थितीत अडकतो आणि मासे शिजायला एक रात्र पुरते. पाणी बदलताना प्लग काढून पंधरा मिनिटं थांबा, गरम काच उघडी पडली की तडकते. मुंबई आणि किनारपट्टीवर बहुतेक वर्ष हा खर्च टाळता येतो.

दोन महिन्यांनीही दुधाळच

फिल्टर योग्य, धुण्याची रीत योग्य, तरी अमोनिया शून्यावर येत नसेल तर टाकीत न दिसणारं काहीतरी कुजतंय. सजावटीच्या किल्ल्यात मेलेला मासा, फिल्टरमागे गोगलगाय, खड्यांखाली रुतलेलं खाद्य. सगळ्या वस्तू उचलून बघा. मग माशांचा हिशेब करा. दोन फुटी टाकीत गोल्डफिश ठेवले असतील तर दोनसुद्धा जास्तच. ते वीतभर वाढतात आणि घाणही तशीच करतात. 'टाकी साफ करतो' म्हणून दिलेला सकर मासा फूटभराहून मोठा होतो, जेवढं शेवाळ खातो त्याहून अधिक विष्ठा टाकतो. तो नको झाला तर दुकानात परत करा. नदी-तलावात अजिबात सोडू नका. आपल्याकडच्या पाण्यांत त्याने आधीच हातपाय पसरलेत.

शेवटचा संशयित तळाशी असतो. रंग सुटणारे खडे ओळखायला दोन-चार खडे पांढऱ्या कपात पाण्यात रात्रभर ठेवा. शिंपले, प्रवाळ, संगमरवरी चुरा असेल तर त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. फसफसलं तर तो चुना आहे आणि पीएच वर ढकलतोय. असे खडे काढायचे झाले तर एकदम सगळे नकोत, कारण त्यांच्यावरही वस्ती बसलेली असते. आठवड्याला एक चतुर्थांश, सायफनच्या दिवशी.